तिसऱ्या प्रकारचा आवाज

दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला भोंगाताई एकच प्रश्न विचारायची, "तुमचं कापतं, थरथरतं की फुरफुरतं?"

बहुतेक गिऱ्हाइकं बावचळायची. एक गृहस्थ तर "सध्या बरं आहे" असं म्हणून दोन पावलं मागे सरकले होते. मग भोंगाताई त्यांच्या हातातली वाद्याची पेटी काढून घ्यायची आणि समजावून सांगायची, की फुंकून वाजवायची वाद्यं म्हटली तर शेकडो आहेत, पण प्रकार तीनच. बासरीत फुंकर एका धारेवर आपटते आणि कापली जाते, हा पहिला. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांच्यात वेताची पातळ पट्टी थरथरते, हा दुसरा. आणि ट्रंपेटपासून ट्यूबापर्यंतच्या पितळी मंडळींत धारही नाही आणि पट्टीही नाही. तिथे वाजवणाऱ्याचे ओठच फुरफुरतात. हा तिसरा. पुढचं सगळं सारखंच. नळीत हवा उभी असते, तिला कुणीतरी हलवायचं. नळी लांब तर आवाज जाड. मध्येच भोक उघडलं, की हवेची लांबी तिथे संपली, आवाज बारीक.

"म्हणजे वाजतं ते पितळ नव्हेच," ती शेवटी म्हणायची. "वाजते हवा. पितळ नुसतं मिरवतं."

भोंगाताई हे नाव तिला खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी ठेवलं होतं. ते तिला आवडत नाही हे कळल्यावर अख्ख्या इमारतीनं ते उचललं, आणि मग तिनंच ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं. चिडवणाऱ्यांची सगळी मजा गेली. तिचा स्वभाव तसाच होता.

इमारत तीन मजल्यांची. तळाला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम. पहिल्यावर त्याच गोदामात न मावलेली खोकी. दुसऱ्यावर डॉक्टरांचा दवाखाना. तिसऱ्यावर वाद्यदुरुस्तीचं हे दुकान आणि त्याला लागून आतली खोली, तिथे भोंगाताई आणि तिचे बाबा राहायचे. दुकान आणि खोली यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. ती भिंत जिथे संपायची तिथे तांब्याचा एक जुना पाइप जमिनीतून वर येऊन छतातून गच्चीवर जायचा. त्याचा अर्धा गोल दुकानात, अर्धा आतल्या खोलीत. पूर्वी इथे कपडे धुण्याचा कारखाना होता आणि तळघरातल्या बॉयलरची वाफ या पाइपातून बाहेर पडायची. पुढे बॉयलर भंगारात गेला, तळघर काँक्रीट ओतून बुजवलं. पाइप राहिला, कारण तो काढायचा तर प्रत्येक मजल्याची जमीन फोडावी लागली असती. भोंगाताई त्याला ॲप्रन अडकवायची.

बाबांनी चाळीस वर्षं बँडमध्ये ट्यूबा वाजवला. ट्यूबा म्हणजे पितळी घराण्यातला सर्वांत थोरला. तो लहान मुलासारखा मांडीवर घ्यावा लागतो, फक्त हे मूल बापाचा श्वास पितं. बाबांचा बराच पिऊन झाला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या फुप्फुसांनी राजीनामा दिला, तो इस्पितळानं अर्धाच मंजूर केला, आणि तेव्हापासून बाबा तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले नव्हते. घरी पाठवताना इस्पितळानं प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं होतं. शेजारी शेजारी तीन नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी, आणि ओढायला एक लवचीक नळकांडं. श्वास जोरात आत ओढला की गोळ्या वर उडतात. एक उडाली तर ठीक, दोन उडाल्या तर चांगलं, तिन्ही उडाल्या की इस्पितळातले डॉक्टर खूश.

"आयुष्यभर फुंकत आलो," बाबा म्हणायचे, "आणि आता म्हणतात ओढा. सगळा धंदाच उलटा झाला."

पण ओढायचे. रोज सकाळी दहा वेळा. तिन्ही गोळ्या टपकन वर जाऊन चिकटायच्या, आणि बाबा तोंडातली लवंग या गालातून त्या गालात ढकलत लेकीकडे असे बघायचे, जणू समोरची मंडळी टाळ्या वाजवायला विसरली आहेत.

पाइप पहिल्यांदा वाजला तो एका मंगळवारी दुपारी चारला. भोंगाताई एका क्लॅरिनेटच्या झाकण्यांखालच्या गाद्या बदलत होती. म्हशीनं बादलीत तोंड घालून शिंकावं तसा आवाज झाला.

"बाबा, पोट का तुमचं?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

"माझं पोट याहून सुरात वाजतं," आतून उत्तर आलं.

आवाज पुन्हा झाला. ओला, सैल, सूर आणि ढेकर यांच्या मधला. तिसऱ्यांदा झाला तेव्हा तो पाइपातून येतोय हे दोघांनाही कळलं. बाबा पलंगावर उठून बसले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "ओठ सैल आहेत."

"कुणाचे?"

"ज्याचे असतील त्याचे."

बँडवाल्यांची एक रीत असते. शेजारी कुणी बेसूर लावला तर बोलून दाखवायचं नाही, डोळे वटारायचे नाहीत. आपण तोच सूर नीट लावून दाखवायचा, की तो आपोआप दुरुस्त होतो. चाळीस वर्षांची सवय; बाबांच्या डोक्यात काही यायच्या आत त्यांचे ओठ आवळले गेले. त्यांनी पाइपाकडे तोंड करून नुसत्या ओठांनी एक लांब, सरळ सूर फुरफुरवला.

पाइप गप्प झाला. अगदी ऐकतंय कुणीतरी, असा गप्प.

मग परत वाजला. या वेळी जरा आवळून.

"शिकेल," बाबा म्हणाले, आणि दोघंही पोट धरून हसली. पुढे कितीतरी दिवस भोंगाताईला या हसण्याचा राग येत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं नळवाल्याला बोलावलं. नळवाल्यानं पाइपाला कान लावला, दोन ठिकाणी पान्यानं ठोकलं आणि निदान केलं, "हवा आहे, ताई." नळवाल्यांच्या मते जगातल्या सगळ्या तक्रारींचं मूळ हवा असते.

"हवा आहे ते मलाही कळतं. तिला हलवतंय कोण?"

"वरून वारा शिरत असेल."

हे पटण्यासारखं होतं. बाटलीच्या तोंडावरून वारा गेला तरी बाटली घुमते. पहिल्या प्रकारचं वाद्य, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आदल्या दिवशीची वेळ धरून, चारला पाच मिनिटं कमी असताना दोघं गच्चीवर गेली. वारा नव्हता. दोरीवर बाबांचे दोन बनियन निपचित लटकत होते. पाइप वाजायला लागला तशी भोंगाताईनं त्याच्या वरच्या तोंडावर हाताचा तळवा ठेवला. फुंकर इथे कापली जात असती, तर आवाज तिथल्या तिथे बंद पडायला हवा होता.

तो बंद पडला नाही. नुसता दबला. आणि तिच्या तळव्याला खालून येणारी हवा लागली, थांबत थांबत, धक्क्याधक्क्यानं. हवा कोमट होती. तळवा उचलला तेव्हा तो दमट झाला होता.

तिनं तो ॲप्रनला पुसला आणि म्हणाली, "पहिला प्रकार बाद."

मग दुसरा. एखाद्या सांध्यात पत्र्याची सैल पट्टी, अडकलेला कागद, थरथरण्यासारखं काहीही. नळवाल्यानं गच्चीपासून तळापर्यंत प्रत्येक सांधा तपासला. दवाखान्यात एका पेशंटचा आ वासलेला असताना खुर्चीमागचा सांधा तपासला. काही नव्हतं. पाइप आतून बंदुकीच्या नळीसारखा साफ होता.

"आणि खालचं तोंड?" तिनं विचारलं.

"ताई, ते काँक्रीट मी माझ्या डोळ्यांनी ओतताना बघितलंय. खालचं तोंड सहा फूट काँक्रीटमध्ये आहे. तिथे मुंगीला जांभई द्यायला जागा नाही."

भोंगाताई स्टुलावर बसली. वारा बासरी वाजवू शकतो. वारा फटीतल्या कागदाचीसुद्धा पट्टी करून ती वाजवू शकतो. पण ट्रंपेट खिडकीत टांगून ठेवा, त्याच्यावरून वर्षभर वादळं जाऊ द्या, तो वाजणार नाही. तिसऱ्या प्रकाराला ओठ लागतात.

"मग आता?" नळवाल्यानं विचारलं.

"आता चहा घ्या," ती म्हणाली.

खरं तर तेव्हाच काहीतरी करायला हवं होतं. पण बाबांना शिष्य मिळाला होता. ते दुपारी साडेतीनलाच दाढी करून, स्वच्छ सदरा घालून, पाइपाशेजारी ताठ बसायचे. चार वाजता शिकवणी सुरू. बाबा ओठांनी सूर दाखवायचे, पाइप तो उचलायचा. बाबा चमच्यानं तांब्यावर ताल धरायचे, पाइप अडखळत त्यामागे यायचा. "गाल फुगवू नकोस," ते पाइपाला दटावायचे. "जिभेनं सुरुवात कर. त. त. थुंकी उडवल्यासारखं."

"घरचा अभ्यास देता की नाही?" भोंगाताई दुकानातून ओरडायची.

"तू आपलं क्लॅरिनेट बघ."

दोन वर्षांत बाबांच्या गालांवर एवढा रंग तिनं पाहिला नव्हता. गिऱ्हाइकं विचारायची, आत कोण शिकतंय? ती सांगायची, लांबचे पाहुणे आहेत.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी यंत्रातली तिसरी गोळी वर गेली नाही.

भोंगाताईनं पहिल्यांदा केलं ते यंत्र खोलणं. धंद्याची खोड, वाजत नाही म्हटल्यावर तिचा संशय आधी वाद्यावर जायचा, वाजवणाऱ्यावर नाही. तिनं नळ्या धुतल्या, सांधे साबणाच्या पाण्यानं तपासले, गळती कुठेच नव्हती. स्वतः ओढून पाहिलं. तिन्ही गोळ्या झपकन वर. बाबांनी ओढलं. दोन.

पुढच्या गुरुवारी एक.

त्याच गुरुवारी दुपारी ती पितळेवर कथलाचा डाग देऊन सांधा जोडत बसली होती आणि पाइप वाजत होता. आता तो चांगला वाजत होता. सूर लावण्याआधी तो हलकेच नाक ओढायचा, मग जिभेचा बारीक "त", मग सूर. तिचा हात थांबला. नाक ओढून सूर लावण्याची ही लकब बाबांची होती. त्यांना ती कुणी शिकवली नव्हती, आणि त्यांनीही ती कुणाला शिकवली नव्हती. लहानपणी बँडच्या तालमीत कोपऱ्यात चटईवर झोपलेली असताना एवढ्यावरून ती झोपेत ओळखायची, की आता बाबा.

ती आत गेली. "शिकवणी बंद."

"का गं?"

"गोळ्या बघा तुमच्या."

"वयानं होतं ते."

"वयानं पंधरा दिवसांत दोन गोळ्या जात नाहीत. वय एवढं मेहनती नसतं."

बाबा चमच्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्याकडे एकच पोरगी शिकली आणि ती दुरुस्तीला लागली. आता या वयात कुणीतरी विचारतंय मला."

"कुणीतरी म्हणजे कोण, हे तुम्हाला विचारावंसं नाही वाटत?"

"बँडमध्ये कुणी कुठून आला ते विचारत नाहीत. सूर लागतो का तेवढं बघतात."

"आणि श्वास कुणाचा लागतो ते?"

बाबांनी चमचा तिच्या हातात दिला.

शिकवणी बंद झाली. पाइप झाला नाही. त्याला आता शिकवणीची गरज नव्हती. तो चारला वाजायचा, मग सकाळी अकरालाही वाजायला लागला, आणि तो वाजून गेला की बाबा तासभर भिंतीला टेकून बसायचे, जिना चढून आल्यासारखे.

शनिवारी भोंगाताईनं जुनी चादर गुंडाळली, गच्चीवर नेली आणि पाइपाच्या वरच्या तोंडात गुडघ्यानं दाबून कोंबली. "घे, बस आता गप्प," ती म्हणाली. खाली आली तेव्हा बाबांचे ओठ जांभळे होते आणि ते उशीला गच्च धरून बसले होते. ती परत पळाली. तीन जिने नव्हते, एकच होता, तरी तो तिला तीन जिन्यांएवढा लागला. चादर उपसून काढली तशी पाइपाच्या तोंडातून एक लांब उसासा बाहेर पडला, आणि खाली बाबा खोकल्याचं तिनं ऐकलं.

रविवारी तिनं डॉक्टरांना आणि नळवाल्याला बोलावलं. बाबांना खुर्चीत बसवून खाली न्यायचं, तिथून तिच्या मावशीकडे. खुर्ची उचलली. पहिल्या पायरीवर बाबा म्हणाले, "सावकाश रे, मी ट्यूबा नाही." चौथ्या पायरीवर त्यांनी बोलणं सोडलं. आठव्या पायरीवर त्यांचं तोंड उघडमीट करायला लागलं, आवाज नाही. वर, उघड्या दारातून, पाइपानं नाक ओढलं आणि सूर लावला.

दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांनी खुर्ची टेकवली. ते पांढरेफटक पडले होते. काय करावं ते न सुचून सवयीनं म्हणाले, "तोंड उघडा, आ करा."

"उघडंच आहे," भोंगाताई म्हणाली. "वर घ्या. वर घ्या त्यांना!"

प्रत्येक पायरीला श्वास थोडा थोडा परत आला. पलंगावर ठेवल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि लवंग मागितली. डॉक्टर दाराशी घुटमळले. "भोंगाताई, माझं ऐकाल तर ही जागा सोडा."

"आणि बाबांचा श्वास? तो या पाइपात आहे. छत्री विसरली तर परत येऊन नेता येते, डॉक्टर. श्वास मागे ठेवून कसं जाऊ?"

"मग काय करणार?"

"बघते. वाद्य आहे ना? वाद्य मला कळतं."

डॉक्टर आणि नळवाला गेल्यावर ती पाइपासमोर उभी राहिली. त्याला अडकवलेला ॲप्रन तिनं काढून घेतला आणि अंगात घातला. "ऐक," ती पाइपाला म्हणाली. "तू कोण आहेस ते मला जाणून घ्यायचं नाही. माझे बाबा तुला मिळणार नाहीत. एवढंच सांगायचं होतं."

चार वाजायला दहा मिनिटं होती.

चारला बाबा पलंगावर बसले होते, यंत्र मांडीवर, नळकांडं तोंडात. ओढत होते. तिन्ही गोळ्या तळाशी होत्या. एकही हलत नव्हती.

पाइपानं नाक ओढलं.

सूर लागला. खालचा, रुंद, काठोकाठ भरलेला. बाबांनी उमेदीच्या काळात लावला असता तसा. टेबलावरचे स्क्रू बशीत थरथरायला लागले.

भोंगाताई बाबांच्या छातीकडे बघत होती. छाती हलत नव्हती. सदऱ्याचं दुसरं बटण ती बघत राहिली. सूर चालला होता आणि बटण जागच्या जागी होतं. तिनं मनात आकडे मोजले. वीसपर्यंत. तीसपर्यंत. बाबांचे डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडेच बघत होते, लाजल्यासारखे.

मग पाइपाला खोकला आला.

दोन कोरडे, एक ओला. बाबांचा खोकला. बाबांचे ओठ नळकांड्याभोवती मिटलेले होते.

"बास," भोंगाताई म्हणाली.

तिनं हातानं फिरवायचं ड्रिल काढलं. उभा जन्म गळत्या बुजवण्यात गेला होता. सुईच्या अग्राएवढी गळती असली तरी पितळी वाद्याचा सूर उभा राहत नाही, ओठ कितीही आवळा. हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. श्वास सांडतो. सांडू दे. घरातच सांडेल, बाबांपासून दोन पावलांवर.

तिनं दुकानाच्या बाजूनं, स्वतःच्या छातीच्या उंचीवर, तांब्यावर पातं टेकवलं. पाइप तापलेला होता.

मूठ फिरवायला सुरुवात केली.

सूर वर चढला. घाबरल्यासारखा नाही. चिडल्यासारखा.

"चीड," ती म्हणाली. "मी पण चिडलेय."

तांब्याची लालसर वेटोळी तिच्या मनगटावर पडत होती. पातं घसरलं, तिनं पुन्हा टेकवलं. पाइप इतका थरथरत होता की तिचे दात वाजत होते. आतून जिभेचा आवाज यायला लागला. त. त. त.

"गाल फुगवू नकोस," ती म्हणाली आणि सगळं अंग टाकून मूठ फिरवली.

पातं आत गेलं.

तिनं ते मागे खेचलं. भोकातून हवा सुटली, कोमट, दमट, सरळ तिच्या तोंडावर. हवेला लवंगेचा वास होता.

सूर डगमगला. आवळायला गेला, फाटला. शेवटी ती पहिल्या दिवशीची शिंक उरली, ओली, सैल. मग तीही नाही.

आतल्या खोलीत बाबांनी श्वास घेतला. बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा, आवाज करून, हावरटासारखा. मग दुसरा. यंत्रातली एक गोळी उडाली आणि नळीच्या टोकाला टपकन आपटली.

भोंगाताई जमिनीवर बसली. हातात ड्रिल होतं. सुटत नव्हतं म्हणून तसंच राहू दिलं.

बुधवारपर्यंत दोन गोळ्या आल्या. शुक्रवारी तिन्ही. पाइप गप्प होता. नळवाला भोक बुजवायला आला, त्याला तिनं हात लावू दिला नाही. "ती माझी सगळ्यात सुंदर गळती आहे," ती म्हणाली. रोज सकाळी दुकान उघडलं की ती भोकाला तोंड लावून विचारायची, "आहेस का? आम्ही आहोत." आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायची. डॉक्टर येऊन पाइपाला लांबूनच नमस्कार करून गेले.

बाबा बरे होते आणि थोडे उदास होते.

"चांगला होता गं विद्यार्थी," एकदा ते म्हणाले.

"चोर होता."

"चोरही होता." त्यांनी लवंग दुसऱ्या गालात ढकलली. "पण जीभ काय सुरेख लावायचा."

त्या शनिवारी बाबा खुर्ची घेऊन दुकानात गिऱ्हाइकाला ट्यूबाच्या गोष्टी सांगत बसले होते. अखंड सांगत होते, मध्ये दम न घेता. भोंगाताई आत त्यांच्या पलंगाची चादर बदलत होती. उशी उचलली तर अभ्र्यावर काहीतरी चमकलं. लालसर, बारीक चुरा. तांब्याचा. आपल्याच बाहीवरून सांडला असेल, असं म्हणून तिनं तो झटकला. मग तिच्या लक्षात आलं, की अभ्रा कालच धुवून घातला होता आणि त्या रविवारनंतर तिनं क्लॅरिनेटशिवाय दुसऱ्या कशाला हातच लावला नव्हता.

ती वाकली. पाइपाच्या आतल्या खोलीकडच्या गोलावर, उशीच्या उंचीवर, एक भोक होतं. बाबा कुशीवर झोपले की त्यांचं तोंड तिथून वीतभर अंतरावर यायचं. तिचं भोक भिंतीपलीकडे होतं, दुकानात, याच्याहून दोन हात उंच. तिच्या ड्रिलला या मापाचं पातंच नव्हतं.

तिनं आधी पलंग धरला आणि एका हिसड्यात समोरच्या भिंतीपर्यंत ओढत नेला. बाहेरून बाबा ओरडले, "काय गं, भूकंप?"

"आवराआवर!" ती ओरडली. आवाज तिनं नेहमीचाच ठेवला.

मग पितळेची चकती कापून आणली, डाग द्यायचं सामान आणलं, पाइपासमोर मांडी घातली. "तू पाड," ती हलक्या आवाजात म्हणाली. "जितकी पाडशील तितकी बुजवीन. मला दुसरं काम नाही."

डाग देण्याआधी कड साफ करावी लागते. तिनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि पटकन मागे घेतलं. बोटातून रक्ताचा थेंब आला होता.

ज्या बाजूनं भोक पाडतात त्या बाजूची कड गुळगुळीत राहते. पातं जिथून बाहेर पडतं तिथे धातूची बोचरी झालर निघते. तिच्या भोकाला ती आतल्या बाजूला होती. तिनं तेव्हाच तारेनं चाचपून पाहिली होती.

या भोकाची झालर बाहेर होती.